खोबणीतली सूतभर फट

"ताई, टीपॉय वाजला."

नागपूरहून हा फोन आला तेव्हा मे महिना होता आणि जुन्या लाकडाचं फर्निचर करते त्या माझ्या कुडाळच्या शेडमध्ये मी घाम पुसत बसले होते. मला आधी कळलंच नाही. मग फोटो आला. 16 इंच रुंद सागवानी फळी मधोमध उभी चिरली होती आणि चीर नेमकी त्या अर्धगोलातून गेली होती.

तो अर्धगोल होता म्हणून तर ते काम माझ्याकडे आलं. कोकणातल्या पडक्या घराच्या माजघराचं दार होतं ते, त्याचाच मी टीपॉय केला होता. लोंबती कडी वर्षानुवर्षं घासून लाकडावर चंद्रकोरीसारखी खूण पडलेली. काम देणाऱ्या नागपूरच्या काकूंचं म्हणणं एकच होतं, दाराचं काय हवं ते करा, पण ती खूण ठेवा. मी ठेवली. रंधा लावू दिला नाही, धुराचा काळपटपणा फडक्याने हलकेच पुसला आणि वर मेण दिलं. खुणेपायी मी इतकी हळवी झाले की खालच्या लाकडाचं काय होतंय याकडे बघितलंच नाही.

तुम्हीही असं जुन्या लाकडाचं काम सुरू करत असाल, तर सांधे, पॉलिश, ग्लू हे तुम्हाला येत असेलच. जुन्या दारा-तुळयांत खिळे लपलेले असतात, रंध्याचं पातं जायच्या आधी लोहचुंबक फिरवून बघा. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. एवढं सांगून मी पुढे जाते, कारण मला गाठलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

जुनं लाकूड हलत नाही असं मला वाटायचं. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण तेच सांगायचा, 'मुरलेलं सागवान, आता काय हलणार?' ते खोटं आहे. जुन्या लाकडाचा ओला रस कधीच गेलेला असतो, त्यामुळे ते नव्यासारखं पीळ खात नाही, इतकंच खरं. हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं मात्र लाकूड असेपर्यंत चालूच राहतं. लांबीत फरक जवळपास शून्य असतो. जे काय होतं ते रुंदीत होतं.

हिशोब करून दाखवते, कारण मी तो चीर पडल्यावर केला. आडव्या कापाच्या, म्हणजे लाकडाची वलयं रुंदीला समांतर असलेल्या, सागवानी फळीतला ओलावा 1 टक्क्याने बदलला की रुंदी साधारण 0.18 टक्के बदलते. उभ्या कापाच्या फळीत (वलयं रुंदीला काटकोनात) हे निम्म्याच्या आसपास असतं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये लाकडात 16 टक्के ओलावा सहज असतो. नागपूरच्या मे महिन्यात तो 8 वर येतो. म्हणजे 8 टक्क्यांचा फरक, तोही 16 इंचांवर. उत्तर पाव इंचाच्या जवळ जातं. दोन सूत! फळीला दोन सूत आकसायचंय आणि मी ती चारही बाजूंनी चौकटीत ग्लू लावून घट्ट आवळून ठेवलेली. तिने दुसरं काय करायचं?

खरी लाज पुढेच आहे. ते दार मुळात तसं नव्हतं. जुन्या सुताराने फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवली होती, दोन्ही कडांना सूतभर जागा सोडून, ना खिळा ना सरस. मला ती फट दिसली होती. मला वाटलं, लाकूड आकसून झालेली असेल किंवा कारागिराचा हात चुकला असेल. मी ती फट पुट्टी भरून बुजवली. वरून सुबक दिसावं म्हणून! माझ्या शेडमधले मेस्त्री तेव्हा गावी गेले होते. परत आल्यावर त्यांनी फोटो बघितला आणि एवढंच म्हणाले, "ती फट रवलेली नाय, ठेवलेली आसा." म्हणजे चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवलेली.

म्हणून सांगते, आठवणीची वस्तू हातात आली की ती आधी कशी जोडली होती ते बघा. एक दिवस नुसतं बघण्यात गेला तरी चालेल. कुठे ग्लू नाही, कुठे मोकळं ठेवलंय, कुठे लाकडी खुंटी आहे, हे सगळं लिहून काढा. ओलावा मोजायचं मीटर दोन-तीन हजारांत मिळतं, ते घ्या. मेंटॉर म्हणवणाऱ्यांच्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला त्याहून जास्त पैसे जातात. माझं मत कडू आहे, पण ज्याने स्वतःचं काम तडकून परत आलेलं बघितलं नाही, त्याच्याकडून लाकूड शिकू नये. आयटीआयमधला सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स कुणी मिरवत नाही. पण गुण्या (काटकोन) आणि पटाशी (छिन्नी) हातात बसते ती तिथेच.

दुसरा शॉर्टकट म्हणजे इपॉक्सी, ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रेझिन. चीर पडली, ओता रेझिन, झाली नदी. मला ते आवडत नाही. आजीच्या दारात काचेची नदी कशाला? आणि फळी मोकळी केली नाही तर ती रेझिनच्या बाजूला पुन्हा चिरते.

मी फळी चौकटीतून कापून मोकळी केली. चिरेवर डमरूच्या आकाराचे सागवानी तुकडे आडवे बसवले. ही युक्ती माझी नाही. जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराची टेबलं बघा, त्यात असे तुकडे उघडपणे दिसतात. पाँडिचेरीच्या गोलकोंड वसतिगृहाचं फर्निचर त्याने केलं होतं आणि 1964 मध्ये तो अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतही येऊन गेला. मग खोबणी रुंद केली, फळी ग्लूशिवाय आत सरकवली आणि फक्त मधल्या बिंदूवर एकेक खुंटी दिली, म्हणजे हलली तरी दोन्हीकडे सारखीच हलेल. पाय जोडताना स्क्रूची भोकं लांबट ठेवली. तुमची फळी नवी असेल तर आधी कडांसकट पूर्ण पॉलिश करा आणि मगच बसवा.

हे वाचून घाबरू नका. माझं तिसरंच काम होतं ते. दुरुस्तीचे पैसे मी मागितले नाहीत, मागायचं तोंडच नव्हतं. तुम्ही मात्र सुरुवातीलाच लेखी द्या: लाकूड ऋतूप्रमाणे हलेल, रेघ दिसेल, तो दोष नाही. गिऱ्हाईक रडतंय म्हणून हा कागद टाळू नका. मी टाळला होता. आणि निम्मे पैसे आधी घ्या. आठवणीच्या वस्तूंची किंमत सांगताना जीभ अडखळते, माझी अजूनही अडखळते. उकलणं, खिळे काढणं, साफ करणं याचे तास वेगळे लावा. नव्या लाकडात तेच टीपॉय निम्म्या वेळात होतं, हे गिऱ्हाइकाला सांगायला काहीच हरकत नाही.

त्या फळीच्या कडा मी नव्याने कापल्या, त्यामुळे तिथे जुन्या धुराचा रंग नाही. उन्हाळ्यात फळी आकसली की दोन्ही बाजूंना फिकट रेघ उघडी पडते आणि पावसाळ्यात मिटते. काकूंना हे आधीच सांगून ठेवलं होतं. आता दरवर्षी एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन येतो.

"रेघ दिसायला लागली गं. तुमच्याकडे हापूस निघाला का?"