मोलोकाईचे समुद्रकडे बघायचे असतील तर

हवाईतल्या मोलोकाई बेटाचा उत्तर किनारा म्हणजे एका मोडक्या ज्वालामुखीची जखम. सुमारे 15 लाख वर्षांपूर्वी पर्वताचा उत्तरेकडचा मोठा भाग समुद्रात कोसळला. मागे राहिले ते कडे, काही जागी 1,000 मीटरपर्यंत उंच.

सर्वांत सोपी जागा पालाआउ स्टेट पार्क. रस्ता संपतो तिथे गाडी ठेवा, थोडं चाला, कठड्याशी या. मी आधी फोटोच काढत बसले आणि पस्तावले. आधी नुसतं बघा. खाली कालाउपापा द्वीपकल्पाची सपाट जीभ दिसते. ती पर्वत कोसळल्यानंतर, वेगळ्या उद्रेकातून तयार झाली. 1866 पासून कुष्ठरुग्णांना सक्तीने तिथेच ठेवत. त्यांची सेवा करणारे बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन 1873 मध्ये आले. खाली उतरायचं तर परवानगी लागते, मुलांना नेता येत नाही, आणि तिथल्या रहिवाशांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

ऋतूचं गणित नीट समजून घ्या. कडे उत्तराभिमुख, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला, त्यामुळे ते दिवसभर सावलीत. जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ ऊन थेट त्यांच्यावर पडतं, घळीन् घळ उठून दिसते. समुद्रही उन्हाळ्यातच जरा शांत. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या लाटांत होडीचं नाव काढू नका.

ढग आले? थांबा. व्यापारी वारे त्यांना कड्यावर चढवतात आणि तेच पुढे ढकलतात. मी डबा उघडला, तेवढ्यात पडदा सरकला.

जॅकेट न्या. वारा टोपी ठेवत नाही.