हॉपटकाँगच्या बर्फावरून थेट रॅरिटन बे
न्यू जर्सीत लेक हॉपटकाँगवर बर्फात भोक पाडून मासे धरायचेत तर आधी बर्फ बघा, चालायला निदान ४ इंच काळसर, पारदर्शक बर्फ हवाच, पांढरा दुधट असेल तर ताकद निम्मीच धरा, आणि ऑगरने, म्हणजे बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाने, मोजत मोजत पुढे जा, काठाजवळ जाड म्हणून मध्येही जाड असं काही नसतं. यलो पर्च या माशाला छोटा जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, तळाजवळ हळूच हलवायचा.

१ मार्चपासून नद्या-खाड्यांत स्ट्राइप्ड बास या पट्टेवाल्या माशाची मासेमारी सुरू! रॅरिटन बे या न्यू जर्सीच्याच उपसागराचं उथळ पाणी उन्हाने लवकर तापतं, म्हणून मी तरी दुपारच म्हणेन. आमिष म्हणून ब्लडवर्म हा समुद्री किडा लावा, पण सर्कल हुकवरच, म्हणजे टोक आत वळलेल्या गोल गळावरच, नियमच आहे तो. मासा ओढायला लागला की हिसका द्यायचा नाही, नुसती दोरी गुंडाळत राहायची, हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. २८ ते ३१ इंचातला एकच ठेवायचा.