गाडी बीएस-सिक्सची, सवयी चेतकच्या: या चुका टाळा

चेतक सुरू होत नसेल तर आडवी करायची, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही. वडील करायचे, म्हणून आम्हीही केलं. दहा कीका मारून पोटरी भरून आली की स्कूटर झुकवायची, चार सेकंद धरायची, उभी करून पुन्हा कीक. बऱ्याचदा लागायची. नाही लागली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, बसवायचा. पेट्रोल संपलं तर कॉक रिझर्व्हला. एवढ्या तीन विद्यांवर निम्म्या महाराष्ट्राने वीस वर्षं काढली.

१ एप्रिल २०२० पासून देशात नवीन गाडी बीएस-सिक्सचीच, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणारीच, विकली जाते. दुचाकीत पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर जवळजवळ संपला, त्याच्या जागी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं. चोक गेला, कॉक गेला, बऱ्याच गाड्यांची कीकसुद्धा गेली. साताऱ्यात माझं गॅरेज आहे आणि रोज एक तरी गिऱ्हाईक असं येतं, की गाडी चार वर्षांची आणि वागणूक चाळीस वर्षांपूर्वीची. त्यातल्या दोन चुकांनी माझं डोकं कायमचं उठवलंय, त्यांच्याबद्दल सविस्तर बोलतो. बाकीच्या उरकून टाकतो.

"रोज शंभरचं टाका"

गेल्या उन्हाळ्यात एक गुरुजी आले. शाळा कासच्या बाजूला डोंगरात, रोज यवतेश्वरचा घाट चढून जायचं. तक्रार एकच: सपाटीला गाडी मक्खन, घाटात मिस मारते आणि वळणावर बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. आधी एका ठिकाणी प्लग बदलून झाला होता, एअर फिल्टर बदलून झाला होता, इंजेक्टरही साफ करून झाला होता. मीही शहाणपणा केलाच. स्कॅनर लावला, एकही एरर नाही. गाडी पोवई नाक्यापर्यंत फिरवून आणली, काही नाही. "गुरुजी, गाडी ठीक आहे," म्हणून परत पाठवली. तिसऱ्या दिवशी गुरुजी टेम्पोत गाडी घालून आले.

तेव्हा कुठे माझं लक्ष मीटरकडे गेलं. पेट्रोलची शेवटची कांडी लुकलुकत होती. आठवून पाहिलं तर पहिल्या दिवशीही तीच लुकलुकत होती.

"गुरुजी, पेट्रोल किती टाकता?"

"रोज शंभरचं."

"टाकी का भरत नाही?"

"भरली की पोरगा संध्याकाळी फिरवून संपवतो ओ."

कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल वरून खाली आपसूक यायचं. शेवटचा थेंब असला तरी यायचं, म्हणून तिथे ही काटकसर खपून गेली. इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो आणि तो पेट्रोलात बुडालेला असेल असं धरूनच बनवलेला असतो. त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच. टाकी कायम तळाला असेल तर पंप तापतो, तळाचा गाळ ओढत बसतो आणि चढाला गाडी कलली की पेट्रोल एका बाजूला जाऊन पंपाच्या तोंडी हवा येते. इंजेक्टरला दाब मिळत नाही, गाडी गुदमरते. साध्या गाडीत हा दाब मोजणारा सेन्सर बहुधा नसतो, मग स्कॅनर बिचारा काय सांगणार?

पंप बाहेर काढला. खालची जाळी तपकिरी चिकट गाळाने लिंपलेली, बोट फिरवलं तर वाळूसारखं कचकचलं. पूर्ण संच बदलावा लागला. त्या पैशात गुरुजींची टाकी चार वेळा भरली असती.

माझी स्वतःची सवय सांगतो, ती कंपनीच्या पुस्तकात शोधू नका. पाव टाकीच्या खाली मी गाडी जाऊ देत नाही. आणि चावी फिरवली की लगेच सेल्फ मारत नाही. टाकीतून बारीक 'झूंऽऽ' ऐकू येतं, दोन-तीन सेकंदांत थांबतं, मग सेल्फ. तो आवाज रोज ऐकणाऱ्याला पंप आजारी पडायच्या आधी कळतं. पण आजकालच्या पोरांना दोन सेकंद कुठले? चावी आणि सेल्फ एकाच झटक्यात.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून महिनाभर गाडी उभी केली तर आतली दमट हवा आपलं काम करते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि पंपाचं तोंड नेमकं तळाशीच असतं. गावाला जाणार असाल तर टाकी गच्च भरून जा.

"मामा, ऑइल म्हणजे ऑइलच ना?"

हा प्रश्न माझ्या सख्ख्या भाच्याचा. त्याच्या वडिलांच्या कारचं सर्व्हिसिंग झालं, डब्यात लिटरभर ऑइल उरलं. फुल्ली सिंथेटिक, महागातलं. पठ्ठ्याने ते मोटारसायकलमध्ये ओतलं आणि मित्राला मागे बसवून महाबळेश्वरला निघाला. पसरणी घाट निम्मा चढेपर्यंत इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढे जात नाहीये. मला फोन: "मामा, ॲक्सिलरेटर पिळला की नुसता आवाज वाढतोय."

कारचा क्लच इंजिन ऑइलपासून लांब, कोरडा असतो. गिअरच्या मोटारसायकलमध्ये बहुतेक वेळा क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये भिजत असतात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, कारला ती हवीच असतात. क्लच मात्र घर्षणावरच चालतो. तुम्ही प्लेटांना लोणी लावलंत, आता त्या धरणार कशा?

डब्यावर एवढंच बघायचं: 'जासो एमए' किंवा 'एमए-टू' (दुचाकीच्या ऑइलची जपानी मानकाची खूण) लिहिलंय का? मोटारसायकलला ते. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिच्या ऑइलवर बहुधा 'एमबी' असतं. स्कूटरचं ऑइल मोटारसायकलला घातलं तरी हीच गंमत होते. १०डब्ल्यू-३० वगैरे आकडे दोन्ही डब्यांवर सारखे असू शकतात, त्यावर जाऊ नका. ते आकडे ऑइल किती पातळ आहे ते सांगतात, क्लचचं काही सांगत नाहीत.

नशीब चांगलं असेल तर योग्य ऑइल घालून, थोडी चालवून, पुन्हा बदललं की क्लच धरतो. भाच्याने चार किलोमीटर घसरत्या क्लचवर घाट चढायचा हट्ट केला होता. कव्हर उघडलं तर जळका वास, लोखंडी प्लेटा निळ्या पडलेल्या. मजुरी घेतली नाही, पण संपूर्ण क्लच त्याच्याच हाताने बसवून घेतला. मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. कारचं ऑइल ओतायचं कुठून शिकलास विचारलं तर म्हणे, एका रीलमध्ये होतं. रील चाळीस सेकंदांची होती. क्लच बसवायला त्याला साडेचार तास लागले.

बाकीच्या

प्रेशरचं पाणी. वॉशिंग सेंटरवाला नळी सीटखाली, हेडलाइटच्या मागे, चावीच्या भोकावर धरतो आणि आपण कौतुकाने बघतो. तिथे आता सेन्सरच्या वायरी जोडणारे कपलर आहेत. एकदा ओल शिरली की हिरवा गंज चढतो आणि गाडी आठवड्यातून एकदाच, तीही मुलाखतीच्या दिवशी, रुसते. मी बादली आणि जुना बनियन वापरतो.

ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. एबीएस असेल तर घाबरून ब्रेक दाब-सोड, दाब-सोड करू नका. घट्ट दाबा आणि दाबून ठेवा. लिव्हर हाताखाली थरथरते, ती थरथरायलाच हवी.

सकाळी थंड इंजिन भुंगाट पिळणं. चोकच्या काळातली खोड. पंधरा-वीस सेकंद सुरू ठेवा आणि हळू निघा.

चेनला इंजिनचं काळं ऑइल. फुकट मिळतं म्हणून. त्यात धातूचा चुरा असतो.

हवा गाडी थंड असताना भरा.

जादा लाइट आणि ट्रकचा हॉर्न लावण्यासाठी मूळ वायरिंग कापणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. फक्त एवढं सांगतो, बॅटरी पार उतरली की पंपही गप्प आणि इंजेक्टरही गप्प. धक्का मारून घामाघूम झालात तरी उपयोग नाही.

चारचाकी हा माझा धंदा नाही, पण विचारणारे विचारतात म्हणून: रोजचा प्रवास पाच-सहा किलोमीटर गावातल्या गावात असेल तर डिझेल घेऊ नका. बीएस-सिक्स डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. काजळी जळायला गाडी सलग, जरा वेगात धावावी लागते. मंडईत जाऊन-येऊन ती जळत नाही, साठते. मग मीटरवर दिवा लागतो आणि लोक डिझेलला शिव्या देतात.

दिव्यावरून आठवलं. जुनी बीएस-सिक्स मोटारसायकल बघायला गेलात तर पॉलिश बघत बसू नका. चावी फिरवा. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे. पण मुळात लागलाच नाही, तर जास्त सावध व्हा. मागच्या महिन्यात एकाने घासून भाव करून घेतलेली गाडी माझ्याकडे आणली, "दिवा-बिवा काही नाही, एकदम क्लिअर" म्हणत. मीटर उघडला. त्या दिव्यावर आतून काळी चिकटपट्टी लावली होती, अगदी कात्रीने गोल कापून.