व्यायामानंतरची भूक घरी कशी ओळखायची, कशी सांभाळायची

माझी लेक १४ वर्षांची. डॉक्टरांनी तिला वजनासाठी रोज व्यायाम सांगितला, तेव्हा मला धास्ती एकच: आता हिची भूक खवळणार. तसं झालं नाही. का, ते समजल्यावर मी तिच्या व्यायामाच्या आणि जेवणाच्या वेळाच बदलल्या.

भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) मुख्यतः जठरात तयार होतं. दम लागेपर्यंत व्यायाम केला की ते बहुधा थोडा वेळ उतरतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. हा परिणाम तासाभरात ओसरायला लागतो. रमतगमत चालल्यावर तो फारसा दिसत नाही, आणि प्रत्येक मुलात सारखाही नसतो. लेप्टिनची गोष्ट वेगळी. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून येतं आणि मेंदूला ‘आता पुरे’ असं सांगतं. स्थूल मुलांत भरपूर असतं, पण मेंदूपर्यंत त्याचं म्हणणं नीट पोचत नाही. हे वाचलं त्या दिवसापासून ‘तुझा जिभेवर ताबा नाही’ हे वाक्य मी घरात बंद केलं. कृपा करून तुम्हीही करा.

व्यायाम जेवणाच्या आधी ठेवा. संपल्यावर पाणी, अंघोळ आणि अर्ध्यापाऊण तासात पान वाढायचं. चार शब्द बोलून थांबावं लागेल इतका जोर एक मिनिट, मग दोन मिनिटं सावकाश. सुरुवातीला अशा चार-पाच फेऱ्या पुरेत. रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते जोराचा व्यायाम आणि आठवड्यातून किमान ३ दिवस जोराचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. तिथवर पोचायला आम्हाला काही महिने लागले.

भुकेची वही जरूर ठेवा. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे कासावीस. व्यायामाआधी, लगेच नंतर आणि तासाभराने मुलानेच आकडा लिहायचा. लेकीच्या एका पानावर ६, २, ७ असं आहे. त्या २ कडे बघून मी म्हणाले होते, ‘भूक नाही ना, मग राहू दे जेवण.’ चूक माझी. तासाभराने ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मिळेल ते खात होती. तेव्हापासून आकडा काहीही असो, जेवण वेळेवर, बसून, प्रथिनं आणि भाज्या असलेलं.

‘एवढं पळालीस, घे गोड’ हे बक्षीस नको. झोप ८ ते १० तास हवीच. जागरणानंतर भूक वाढलेली असते.

वजन उतरू लागलं की लेप्टिनही उतरतं आणि भूक पुन्हा जोर धरते. तेव्हा मुलाला रागावू नका, ताट कमी करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. छातीत दुखणं, चक्कर, चोरून खाणं किंवा खाऊन ओकणं दिसलं, तर त्याच दिवशी.