बारावीनंतरचे शिक्षण कसे निवडावे : कास्तकाराच्या घरासाठी काही सूचना

बारावीचा निकाल लागल्यावर पुढच्या शिक्षणाचा विचार सुरू करणाऱ्या घराला बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीसाठी लागणाऱ्या एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज बोर्डाच्या परीक्षेआधीच, हिवाळ्यात भरले जातात. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा अर्जही त्याच सुमारास असतो, आणि २०२४-२५ पासून बीबीए व बीसीए यांसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी लागू झाली आहे. अर्ज राहून गेला, तर गुण कितीही चांगले असले तरी तो मार्ग त्या वर्षापुरता बंद होतो. म्हणून घरातील बैठक दिवाळीच्या सुटीतच व्हावी, आणि जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने नीटसोबत सीईटीचा अर्जही भरून ठेवावा, कारण नीटमध्ये गुण कमी पडले तरी बी. फार्म. आणि कृषी पदवीची वाट त्यामुळे मोकळी राहते.

त्या बैठकीत पहिला प्रश्न ‘कोणता कोर्स चांगला’ असा नसावा. हे शिक्षण संपल्यावर मुलाच्या हाती नेमकी कोणती पात्रता येईल आणि तिला किती वर्षे लागतील, हे आधी विचारावे. डी. फार्म. ही औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची आहे. त्यानंतर फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली की औषध दुकानाच्या परवान्यासाठी लागणारी पात्रता मिळते. कृषी पदवी चार वर्षांची आहे. ती पूर्ण करणारा विद्यार्थी बँकेतील कृषी अधिकाऱ्याच्या आणि राज्याच्या कृषी सेवेच्या परीक्षा देऊ शकतो, शिवाय बियाणे, खते आणि कीटकनाशके विकणारे कृषी केंद्र काढण्याची पात्रताही त्याच्याकडे असते. याउलट साध्या बी.एस्सी. किंवा बी.ए.नंतर बी.एड., एम.एस्सी. अथवा स्पर्धा परीक्षा यांपैकी काहीतरी जोडावेच लागते, त्यामुळे त्या वाटेची लांबी पाच-सहा वर्षे धरूनच हिशेब करावा. ती वाट हलकी मुळीच नाही. मात्र ‘काहीच मिळाले नाही म्हणून बी.ए.’ या भावनेने धरली, तर तिची तीन वर्षे हातातून निघून जातात.

आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांच्याकडे आपल्या विदर्भात अजूनही नापासांची जागा म्हणून पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचा ट्रेड दोन वर्षांत पूर्ण होतो आणि त्यानंतर वीज केंद्रे, कोळसा खाणी किंवा आयुध निर्माणी अशा ठिकाणी अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करता येतो. बारावी विज्ञान झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनातील पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार उघडते. ज्या घराला चार वर्षांचा खर्च एकदम पेलत नाही, त्याने ही टप्प्याटप्प्याची वाट आधी तपासावी.

आता पैशांविषयी. कास्तकाराच्या घरातील खरी अडचण केवळ रक्कम कमी असण्याची नसते, ती वेळेचीही असते. कॉलेजची फी जून ते ऑगस्टमध्ये भरायची असते आणि नेमके तेव्हाच घरातील सगळे पैसे बियाणे, खत आणि निंदणाच्या मजुरीत अडकलेले असतात. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला आणि कापसाचा चुकारा त्याही नंतर हाती येतो. मुलगा बारावीत असतानाच्या हिवाळ्यात त्या चुकाऱ्यातून पहिल्या वर्षाची रक्कम बाजूला काढून ठेवली, तर पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जाण्याची पाळी येत नाही. वहीच्या एका पानावर शेवटच्या वर्षापर्यंतचा पूर्ण खर्च मांडावा : शिक्षण शुल्क, खोली, मेस, पुस्तके, परीक्षा शुल्क आणि गावी येण्या-जाण्याचे भाडे. मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, हेही त्या हिशेबात धरावे.

त्याच पानावर दुसऱ्या बाजूला सवलती लिहाव्यात. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्णपणे भरते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी अनुसूचित जातींना स्वाधार आणि अनुसूचित जमातींना स्वयम् योजना आहे. हे माहीत असूनही मुलीला केवळ अंतराच्या भीतीने तालुक्याच्या कॉलेजात जागा मिळेल त्या शाखेत घालणारी घरे मी पाहतो. अशा आई-वडिलांना एवढेच सांगावेसे वाटते, की निर्णयापूर्वी एकदा अकोला, अमरावती किंवा नागपूरचे शासकीय वसतिगृह मुलीसोबत जाऊन प्रत्यक्ष पाहावे.

यातील बहुतेक सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या प्रवेशफेऱ्यांमधून, मिळालेल्या प्रवेशालाच लागू होतात. निकालानंतर गावात येऊन ‘थेट जागा करून देतो’ असे सांगणारा एजंट ही गोष्ट सांगत नाही. व्यवस्थापन कोट्यातून झालेल्या प्रवेशावर शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि ठरलेल्या शुल्कापलीकडे देणगी घेण्यास राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तो आकडा पाहिल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत.

कागदपत्रांवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण आपल्याकडे हातची जागा अनेकदा कागदांपायी जाते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि नॉन क्रिमिलेयर सेतू केंद्रातून मिळतात, पण जात पडताळणीला वेळ लागतो. तिचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करावा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा पाहिला जातो. हा पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा कोतवाल पंजीच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेत सापडतो. नक्कल हाती आल्यावर ती तिथेच उभे राहून वाचावी : आजोबा एका कागदावर ‘गणपत’ आणि दुसऱ्यावर ‘गणपतराव’ असतील, किंवा आडनाव बदललेले असेल, तर ते एकाच व्यक्तीचे नाव असल्याचे शपथपत्र लगेच करून घ्यावे. जुलैच्या गर्दीत हे काम निभत नाही.

कॉलेज निवडताना फलकावरील नोकरी लागलेल्या मुलांच्या फोटोंवर विसंबू नये. सुटीच्या दिवशी न जाता कामाच्या दिवशी जावे, फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिके खरोखर होतात का, शिक्षक नियमित येतात का आणि मागील बॅचमधील मुले आज कुठे आहेत, हे विचारावे. शासकीय पर्याय आधी तपासावेत. कृषीसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, पशुवैद्यकासाठी नागपूर, अभियांत्रिकीसाठी अमरावती, चंद्रपूर, नागपूर आणि यवतमाळ येथील शासकीय महाविद्यालये आपल्याच विभागात आहेत.

नीटसाठी एक वर्ष थांबायचे असेल, तर गुणांची उणीव किती आहे हे आधी पाहावे. उणीव थोडी असेल आणि मुलाची स्वतःची तयारी असेल, तर एक वर्ष जरूर द्यावे. उणीव मोठी असेल, तर केवळ क्लासची फी भरून ती भरून निघत नाही, आणि दुसऱ्यांदा थांबण्याआधी नर्सिंग, फार्मसी, पशुवैद्यक किंवा कृषी या पर्यायांवर मुलाशी शांतपणे बोलावे.

प्रवेशफेरीचा विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना मागील वर्षाच्या कटऑफला घाबरून क्रम बदलू नये. मनातील पहिले कॉलेज पहिल्या क्रमांकावरच लिहावे. अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला तर ती जागा घ्यावी लागते, म्हणून जिथे जायचेच नाही ते कॉलेज नुसते कोणी सांगितले म्हणून वर टाकू नये. प्रवेश निश्चित झाला की त्याच आठवड्यात महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करावी, आणि पुढील प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज नव्याने भरावा.