उन्हाळ्यातल्या विहिरींचा नकाशा: क्यूजीआयएसमध्ये रंगांच्या हद्दी कशा ठरवाव्यात

मी गुहागर तालुक्यात राहते आणि आमच्या गावच्या पाणी समितीसाठी दर उन्हाळ्यात विहिरींचा नकाशा करते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल उजाडला की सड्यावरच्या (कातळाच्या उंच माळावरच्या) वाड्यांमध्ये हंड्यांची रांग लागते. जांभ्यात, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र दगडात, पाणी मुरतं ते थांबत नाही, पऱ्याला (ओढ्याला) आणि तिथून खाडीला जातं. त्यामुळे कुठल्या वाडीला टँकर आधी हवा हे ठरवायला आकडे लागतात, आणि आकडे ग्रामसभेत सगळ्यांना दिसायचे तर नकाशा लागतो.

यासाठी मी क्यूजीआयएस वापरते. हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून जगभरचे लोक मिळून घडवत आलेत, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. सड्यावर रेंज येत नाही, तेव्हा ही शेवटची गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोठी.

आधी तक्ता. एका ओळीत एक विहीर, आणि रकाने असे: वाडी, अक्षांश, रेखांश, पाण्याची उंची मीटरमध्ये, त्या विहिरीवर अवलंबून असलेली घरं, मोजल्याची तारीख. पाण्याची उंची काढायला वजन बांधलेली टेप आधी पाण्यापर्यंत सोडायची, मग तळापर्यंत, आणि वजाबाकी करायची. कठडा उंच असो की मोडका, वजाबाकीत तो आपोआप निघून जातो. मोजायचं पहाटे, कोणी पोहरा टाकायच्या आत. दुपारी मोजलेली एक आणि पहाटे मोजलेली दुसरी अशा दोन विहिरी एका नकाशावर शेजारी ठेवू नका.

आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. देवनागरीत लिहिलेला आकडा हे सॉफ्टवेअर अक्षर समजतं, आणि पुढे रंग द्यायला गेलात की तो रकाना यादीत दिसतच नाही. वाड्यांची नावं मात्र खुशाल मराठीत लिहा, फक्त युनिकोडमध्ये. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्यांची नकाशावर नुसती खिचडी दिसते. एक्सेलमधून जतन करताना साधं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) निवडू नका, सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

मोबाइल कधी अंश-मिनिटं-सेकंद दाखवतो. १७ अंश २८ मिनिटं ३० सेकंद असेल तर २८ ला ६० ने आणि ३० ला ३६०० ने भागून बेरीज करा, उत्तर १७.४७५. दशांशानंतर पाच आकडे ठेवा, म्हणजे मीटरभराची नेमकी जागा मिळते. तीनच ठेवलेत तर विहीर शंभरेक मीटरपर्यंत सरकू शकते, आणि आमच्या चढउतारात शंभर मीटर म्हणजे दुसरी वाडी.

आता क्यूजीआयएस उघडा. लेयर (नकाशाचा एक थर) मेनूत ॲड लेयर, त्यात ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर. फाइल निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, एक्स फील्डमध्ये रेखांश आणि वाय फील्डमध्ये अक्षांश. इथे बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो, म्हणून हात चुकतो. उलटं झालं तर गुहागरच्या विहिरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात. ठिपके कुठेच दिसेनात, तर आधी हेच तपासा. खाली निर्देशांक पद्धतीत ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक) असू द्या, मोबाइलचं जीपीएस तेच देतं. (विहिरीपासून अमुक मीटरच्या आतली घरं असं काही मोजायचं असेल तर लेयर ईपीएसजी ३२६४३ मध्ये जतन करून घ्या. ४३२६ मध्ये माप अंशांत असतं, मीटरमध्ये नाही.)

ठिपके जागेवर आले की पुढचं काम खरं काम. लेयरवर दोनदा क्लिक करा, सिम्बॉलॉजीत जा, सिंगल सिम्बॉलच्या जागी ग्रॅज्युएटेड निवडा, व्हॅल्यूमध्ये पाण्याची उंची. मग मोड, म्हणजे रंगांच्या वर्गांच्या हद्दी कशा पाडायच्या, विचारला जातो, आणि बहुतेकजण समोर आलेलाच ठेवून क्लासिफाय दाबतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं.

त्या वर्षी मे महिन्यात बारा विहिरी मोजल्या होत्या. मीटरमध्ये आकडे असे: ०, ०, ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५, ०.६, ०.७, १.५, २.६, ४.१. मोड होता इक्वल काउंट, वर्ग चार, रंग लाल ते हिरवा. इक्वल काउंट म्हणजे प्रत्येक रंगात सारख्याच संख्येने विहिरी. तेव्हा तीन लाल, तीन नारिंगी, तीन पोपटी, तीन हिरव्या. नकाशा छान दिसला, मी तो ग्रामसभेत भिंतीवर लावला. सड्यावरच्या एक काकी पुढे आल्या, त्यांच्या विहिरीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "गो, ही हीर तू हिरवी केलीस? घरामागे तीन हंडे मिळतात, मग नुसता गाळ. ये एकदा पहाटे माझ्याबरोबर."

मी गेले. विहीर अडीच मीटर व्यासाची, पाणी ०.६ मीटर. तळाच्या पाव मीटरात पोहरा गाळच आणतो, म्हणजे उपयोगाचं पाणी ०.३५ मीटर. हिशेब केला तर सतराशे लिटर. त्यावर पस्तीस घरं. घरामागे एकोणपन्नास लिटर, पंधरा लिटरचा हंडा धरला तर तीन हंडे आणि थोडं वर. काकींचं बोलणं हंड्याला हंडा बरोबर होतं. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे, आणि इथे अख्ख्या घराला तेवढंही नाही. ती विहीर पोपटी झाली होती ती एवढ्याचसाठी, की बाकीच्या सात तिच्याहून कोरड्या होत्या. त्यात पाणी पुरेसं होतं म्हणून नव्हे.

म्हणून मोड नीट समजून घ्या. इक्वल काउंट कायम पाव विहिरी हिरव्या दाखवणारच, गाव कितीही सुकलं तरी. इक्वल इंटरव्हल लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा घेऊन अंतराचे सारखे भाग पाडतो. आमच्या आकड्यांत तो १.०२५ मीटरला पहिली रेघ मारतो, आणि नऊ विहिरी एकाच रंगात जातात. म्हणजे कोरडी ठणठणीत विहीर आणि ०.७ मीटरची विहीर सारखीच, टँकरचा क्रम लावायचा कसा? नॅचरल ब्रेक्स, म्हणजे अमेरिकन नकाशाशास्त्रज्ञ जॉर्ज जेंक्स यांची पद्धत, आकड्यांतल्या फटी शोधते. ती चांगली आहे, पण आमच्या यादीत तिनेही त्याच नऊ विहिरी एकत्र घातल्या, कारण सगळ्यात मोठ्या फटी वरच्या टोकाला आहेत आणि आमची गरज खालच्या टोकाला.

हद्दी आकड्यांतून नाही, विहिरीवर काय घडतं त्यातून ठरवाव्या लागतात. मी पाच-सहा वाड्यांतल्या बायकांना एकच विचारलं: पोहरा कधी आडवा होत नाही, आणि पाणी कधी दुपारपर्यंत पुरतं? त्यातून आमच्या हद्दी निघाल्या. ०.२५ पर्यंत गाळ. ०.७५ पर्यंत फक्त सकाळचं पाणी. २ मीटरपर्यंत जपून वापरलं तर दिवसभर. त्यावर निभावतं. या हद्दींनी त्याच बारा विहिरी चार, पाच, एक आणि दोन अशा विभागल्या जातात. तुमच्या गावात विहिरींचा व्यास, झरा, माणसं वेगळी, तेव्हा आमचे आकडे उचलू नका, आमचा प्रश्न उचला.

सेटिंग असं: क्लासेस चार करा, कुठलाही मोड घेऊन एकदा वर्ग तयार होऊ द्या, मग प्रत्येक वर्गाच्या आकड्यांवर दोनदा क्लिक करून खालची-वरची हद्द हाताने लिहा. लिंक क्लास बाउंड्रीजवर खूण असेल तर शेजारच्या वर्गाची हद्द आपोआप जुळते, मधे फट राहत नाही. लेजेंडच्या (रंगांचा अर्थ सांगणाऱ्या) रकान्यात आकड्यांऐवजी शब्द लिहा: "गाळ", "फक्त सकाळी", "दिवसभर, जपून", "निभावतं". सभेत आकडा कोणी वाचत नाही, शब्द सगळे वाचतात.

रंगांत लाल-हिरवा सोडा. काहींना तो फरक डोळ्यांनीच दिसत नाही, आणि तालुक्याला जाणारी प्रत झेरॉक्स असते, तिच्यात दोन्ही रंग एकच राखाडी होतात. एकाच रंगाच्या छटा घ्या. मी गाळाच्या विहिरीला जांभ्याचा गडद काव रंग देते आणि पाणी वाढेल तशी छटा फिकट करत नेते. नजर गडदाकडे आधी जाते, आणि ती तिथेच जायला हवी.

न मोजलेल्या विहिरीचा घोळ वेगळाच. कुणी किल्ली नेली म्हणून पंपघर उघडलं नाही, तर तो रकाना मोकळा ठेवा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे विहीर कोरडी. पण मोकळ्या रकान्याची विहीर ग्रॅज्युएटेड नकाशावर उमटतच नाही, आणि ती वाडी गावातच नसल्यासारखी होते. उपाय सोपा: लेयरवर उजवं क्लिक करून डुप्लिकेट करा, त्या प्रतीला सिंगल सिम्बॉल देऊन पोकळ राखाडी वर्तुळ ठेवा आणि ती मूळ लेयरच्या खाली सरकवा. मोजलेल्या विहिरींचे ठिपके वरून झाकतात, न मोजलेल्या राखाडी दिसत राहतात.

आता घरं. सिम्बॉलच्या आकाराशेजारचं छोटं बटण दाबा, असिस्टंट उघडा, सोर्समध्ये घरांचा रकाना. आकडे शून्यापासून आणि आकारही शून्यापासून सुरू करा, मोठ्यात मोठा आठ मिलिमीटर पुरतो. स्केल मेथड सरफेस निवडा. आपला डोळा वर्तुळाचं क्षेत्रफळ बघतो, व्यास नाही. चाळीस घरांचं वर्तुळ दहा घरांच्या वर्तुळापेक्षा व्यासाने दुप्पट झालं की क्षेत्रफळाने चौपट होतं, आणि तेच खरं आहे. काकींची विहीर आता मोठी आणि गडद दिसते, शेजारच्या चार घरांची कोरडी विहीर लहान आणि गडद. टँकरचा क्रम न बोलता लागतो.

लेबल्समध्ये सिंगल लेबल्स, वाडीचा रकाना, देवनागरी नीट दाखवणारा फॉन्ट, आणि अक्षरांभोवती मिलिमीटरभर पांढरा बफर (कड). मागे ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) हवा असेल तर ब्राउझर पॅनेलमध्ये एक्सवायझेड टाइल्सखाली मिळतो. तो निम्म्याने फिका करा, आणि छापताना कोपऱ्यात त्यांचं श्रेय द्या. छापायला प्रोजेक्ट मेनूत न्यू प्रिंट लेआउट. कागद ए-थ्री घ्या, आणि मोजल्याची तारीख व वेळ मोठ्या अक्षरांत लिहा. मेमधला आठवडा म्हणजे पाण्याच्या हिशेबात बराच मोठा काळ.

पुढच्या वर्षी नवा तक्ता आला की जुन्या लेयरवर उजवं क्लिक, स्टाइल्स, कॉपी स्टाइल, आणि नव्या लेयरवर पेस्ट. हद्दी, छटा, वर्तुळं, लेबलं सगळं जसंच्या तसं येतं आणि दोन वर्षांचे नकाशे शेजारी लावून वाचता येतात. फक्त नव्या लेयरवर क्लासिफाय बटण दाबू नका. ते दाबलं की हाताने लिहिलेल्या हद्दी पुसून जातात.