सी ड्राइव्ह भरला, अपडेट अडकलं

खानापुरातल्या आमच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात कन्नड-मराठी सगळी कामं एकाच कॉम्प्युटरवर चालतात. विंडोज अपडेट मात्र ‘जागा कमी’ म्हणून थांबायचं. डिस्क क्लीनअपमधून जुन्या अपडेटच्या फाइली काढल्या. थोडीच जागा सुटली.

मग डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे भाग लहान-मोठे करायचं विंडोजमधलंच साधन. डी ड्राइव्ह श्रिंक (लहान) केला, तरी सीवरचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ (तो भाग वाढवायचा पर्याय) पुसटच! रिकामी जागा सीला लागून उजवीकडेच हवी, आणि श्रिंक केल्यावर ती सुटते डीच्या शेवटी. म्हणून डीमधल्या लग्नपत्रिका, अर्ज, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, फाइली उघडून बघितल्या (हे गाळूच नका), डी डिलीट केला, सी वाढवला, उरलेल्या जागेत नवा डी केला. अपडेट बसलं. दोन्हींच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा भाग) असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.